कुत्र्याचं नाव काय ठेवलंत?

“बाबा कालपासून सापडत नाहीत,” आलेला माणूस दारातूनच म्हणाला, “आणि आज सकाळी त्यांचा मेसेज आलाय. ‘मी मजेत आहे, तू काळजी करू नकोस.’”

बाईंनी गरम पाण्याच्या बादलीतले पाय बाहेर काढले नाहीत. पूर्वी अशील आलं की त्या चष्मा लावून खुर्चीत ताठ बसत. आता गुडघ्यांनी आणि जगाने मिळून ती हौस कधीच फेडून टाकली होती.

“बसा,” त्या म्हणाल्या. “पाय भिजवतच ऐकते. कान कोरडे आहेत.”

विमा कंपनीत लोकांचे खोटे दावे पकडण्यात बाईंची हयात गेली होती. निवृत्तीनंतर त्यांनी दारावर पाटी लावली नाही, तरी माणसं यायची. कुणाचा जावई पळालेला, कुणाची सही खोटी निघालेली. नवरा गेल्यावर रिकामं घर खायला उठतं म्हणून त्या ही कामं घेत. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेले. रोज सकाळी पायी वहिनींकडे यायचे, चहा घ्यायचे आणि तपासात मदत करायचे. मदत हा त्यांचा शब्द.

आलेला माणूस पन्नाशीचा. डोळे तांबारलेले, नखांच्या कडेला निळा रंग मुरलेला.

“रडायचं असेल तर मागाहून रडू,” बाई म्हणाल्या. “आधी सांगा.”

त्याने सांगितलं. आई गेल्यापासून वडील वृद्धाश्रमात होते. तो रंगाच्या कारखान्यात पाळीवर काम करायचा. काल पहिली पाळी करून दुपारी घरी आला, जेवून झोपला. संध्याकाळी आश्रमातून फोन आला.

“म्हणाले, बाबा अजून परतले नाहीत, मुक्कामाला ठेवून घेताय का? मी म्हटलं, कुठून परतले नाहीत? तर म्हणतात, तुमच्याकडूनच! सोमवारी सकाळी तुम्हीच परवानगी दिलीत, गाडीचं ठरवलंत. अहो, कसली परवानगी? सोमवारी सकाळी मी कारखान्यात होतो. ठिणगीच्या भीतीने आमच्याकडे फोन आत नेऊच देत नाहीत. गेटवर डब्यात टाकायचा आणि टोकन घ्यायचं.”

“मग परवानगी दिली कुणी?”

“तेच तर! माझ्या नावाने कुणीतरी दिली. आणि बाबांना नेलं. आणि आता त्यांच्या नावाने मेसेज पाठवतायत.” त्याने फोन पुढे केला. “त्यांच्या टॅबवरून आलाय. आणि टॅब तिकडे आश्रमात, त्यांच्या खोलीत पडलाय. तुम्हीच सांगा, माणूस एकीकडे, टॅब दुसरीकडे, आणि मेसेज येतो कसा?”

“भुताटकी,” भाऊजी म्हणाले आणि वहिनींनी बघताच गप्प बसले.

“पोलीस?”

“ते म्हणतात, शहाणासुरता माणूस, रीतसर परवानगी घेऊन बाहेर पडलाय, खुशालीचा निरोपही आलाय. एक दिवस थांबा. बाई, एक दिवस कुठला? त्यांना हृदयाच्या गोळ्या आहेत. चुकवायच्या नाहीत म्हणून डॉक्टरांनी दहादा बजावलंय.”

“एरवी तुमचं त्यांच्याशी बोलणं होतं?”

“रोज. सकाळ-संध्याकाळ मेसेज. एक दिवस चुकलेला नाही.” हे सांगताना तो बादलीकडे बघत होता.

“हरवलेल्या माणसाबद्दल मी दोनच गोष्टी विचारते,” बाई म्हणाल्या. “आवड कशाची आणि भीती कशाची?”

“आवड... दुकानांच्या पाट्या रंगवायचे ते. अजूनही रस्त्याने जाताना पाट्यांना नावं ठेवतात. आणि भीती कुत्र्याची. लांबून कुत्रं दिसलं तरी गल्ली बदलायचे. मला शाळेत सोडायला लांबच्या वाटेने न्यायचे, जवळच्या वाटेवर एक काळं कुत्रं होतं म्हणून. रोज उशीर आणि रोज छडी मला!”

बोलता बोलता तो हसला आणि लगेच त्याचा चेहरा पडला. बाईंनी पाय पुसले.

“चला भाऊजी. आज पाय शेकणं नशिबात नाही.”

टॅक्सीत भाऊजींनी मुलाकडून बाबांचं वर्णन विचारून घेतलं आणि फोन काढला. फोनमध्ये त्यांनी एआयचा एक एजंट ठेवला होता. त्याला ते गडी म्हणत.

“गड्या,” भाऊजींनी हुकूम सोडला, “शहरातल्या सगळ्या इस्पितळांत चौकशी कर. ऐंशीच्या घरातले गृहस्थ, सडपातळ, डोक्याला टोपी. कालपासून कुणी आणलंय का विचार. आणि मला फक्त कामाचं सांग, पाल्हाळ नको.”

“हे झकास केलंत,” बाई म्हणाल्या. “मी फोन फिरवत बसले असते तर दिवस मावळला असता.”

वहिनींनी शाबासकी दिली म्हणून भाऊजी उरलेला रस्ताभर फुलून बसले. आश्रम येईपर्यंत गड्याचं उत्तर आलं. कुठल्याही इस्पितळात असा माणूस नव्हता.

आश्रमाची मेट्रन दारातच उभी होती. रात्रभर जागलेली, आवाज बसलेला.

“आमची काही चूक नाही,” ती म्हणाली. कुणी काही विचारलं नव्हतं.

“चूक नंतर वाटून घेऊ,” बाई म्हणाल्या. “काम कसं चालतं ते दाखवा.”

मेट्रनने कॉम्प्युटर उघडला. आश्रमानेही एक एजंट ठेवला होता, नाव सोबती. प्रत्येकाच्या खोलीत त्याचा एक टॅब. औषधांच्या वेळा, डॉक्टरांच्या भेटी, नातेवाइकांना खुशाली कळवणं, बाहेर जायचे पास, सगळं तोच बघायचा.

“तो नव्हता तेव्हा अर्धा दिवस फोनवर जायचा हो. आता निदान म्हाताऱ्यांना हाताला धरून अंगणात फिरवायला माणसं मोकळी असतात. काहींना दिसत नाही, काहींचे हात थरथरतात, ते नुसतं बोलतात आणि सोबती लिहितो. चांगला आहे हो तो. सांगाल ते करतो.”

“आणि तुम्ही तपासता?”

मेट्रनने हात हवेत उडवला. “एवढं सगळं वाचत बसले तर ठेवलाय कशाला त्याला? परवानगी आली तर हिरवं दिसतं, नाही आली तर लाल. मंगळवारी हिरवं होतं. गेटवरच्याने गाडीचा नंबर जुळवला, फाटक उघडलं.”

“बापलेकांचे मेसेज दाखवा.”

“अगदी आदर्श घर,” मेट्रन मुलाकडे बघत म्हणाली. “दहा वाजले की यांचा मेसेज. पाळी कुठलीही असो. घड्याळ लावून घ्यावं. एवढं मायेने लिहिणारा मुलगा आमच्याकडे दुसरा नाही.”

मुलाने खिडकीबाहेर बघितलं.

बाई वाचू लागल्या. भाऊजीही मागून वाकून वाचत होते, ओठ हलवत. जेवलात का, झोप लागली का, गुडघा कसा आहे. सुरुवातीला वडिलांची उत्तरं तुटक होती. ‘हो.’ ‘लागली.’ ‘कधी येतोस?’ मग एके दिवशी त्यांनी लिहिलं होतं, ‘मी कुत्रा पाळलाय.’ खाली उत्तर होतं, ‘अरे वा, छान! सोबत झाली तुम्हाला. कुत्र्याचं नाव काय ठेवलंत?’

त्याला वडिलांनी काही उत्तर दिलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांची पत्रं लांब झाली होती. ‘आज मी मजेत आहे. नाश्ता छान होता. तू स्वतःला जप, तू काळजी करू नकोस.’ मुलाचंही तितकंच लांब उत्तर. असे ढीगभर मेसेज, एकापेक्षा एक गोड.

सोमवारचा मेसेज वडिलांकडून होता. ‘घरी येऊन जावंसं वाटतं. मंगळवारी दुपारी चालेल का? संध्याकाळी परत येईन.’ उत्तर, ‘जरूर या बाबा. मंगळवारी दुपारी मी घरीच आहे. गाडीची सोय करतो.’

“मायाळू आहेत बिचारे दोघं,” भाऊजी गहिवरून म्हणाले.

“खोली कुठाय?” बाईंनी विचारलं.

खोलीत दोन खाटा. एकीवर वडिलांच्या खोलीतला जोडीदार बसला होता. हाडांचा सापळा, आणि त्याला अख्खा आश्रम पैलवान म्हणायचा. दुसऱ्या खाटेशेजारी छोटं टेबल, टेबलावर टॅब, टॅबवर कप. तळाशी चहा वाळलेला.

भाऊजींनी वहिनींना कोपऱ्यात घेतलं. “वहिनी, हाच! खोलीत हा एकटा. सकाळचा मेसेज यानेच टाकला असणार. साटंलोटं आहे यांचं!”

“विचारा की त्यांनाच.”

“मी?” पैलवान खो खो हसला आणि खोकला. “अहो, मला ती पाटी चालू करता येत नाही. कालपासून तिला हात कोण लावतोय? तो कप त्याने जाण्यापूर्वी ठेवलाय. हल्ली कप ठेवायलाच वापरायचा तो तिला.”

बाईंनी कप उचलला. काचेवर बारीक धूळ होती आणि कपाखाली चहाचा तपकिरी गोल, कडक वाळलेला, कुठेही पुसलेला नाही. त्यांनी तो भाऊजींना दाखवला आणि कप होता तिथे परत ठेवला.

“हल्ली म्हणजे कधीपासून?”

“त्या कुत्र्यानंतर.” पैलवान हसायचा थांबला. “त्याने थट्टेत लिहिलं होतं, मी कुत्रा पाळलाय म्हणून. मला म्हणाला, बघ आता पोरगा कसा धावत येतो. उत्तर आलं ते वाचलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. जेवायलासुद्धा उठला नाही. मी म्हटलं, काय झालं? म्हणाला, काही नाही रे, थकलो.”

“त्यानंतर या टॅबशी बोलताना पाहिलंत?”

“एकदा त्या कुत्र्याच्या दुसऱ्या दिवशी, काय बोलला ते नाही ऐकलं. आणि मग एकदम या सोमवारी. म्हणाला, मंगळवारी दुपारी घरी जायचंय, तुम्ही दोघं काय ते ठरवा. मला वाटलं, मेट्रन आणि त्याचा मुलगा.”

मेट्रन म्हणाली, “मला नाही काही विचारलं कुणी.”

“जाताना काय काय नेलं?”

“टोपी. गोळ्यांची डबी. दोन दिवसांच्या गोळ्या भरून घेतल्या, मी म्हटलं, संध्याकाळी तर परत यायचंय ना? म्हणाला, असू देत. आणि त्याचं घडीचं स्टूल. पाट्या रंगवायला बसायचा ना, ते.”

“मुलाच्या घरी खुर्च्या नाहीत का?” भाऊजींनी विचारलं.

“सोफासेट आहे,” मुलगा दुखावला जाऊन म्हणाला.

बाईंनी मेट्रनकडून नंबर घेऊन गाडीवाल्याला फोन लावला.

“सोडलं की हो बरोबर पत्त्यावर,” गाडीवाला म्हणाला. “इमारतीच्या दारात. आजोबांनी डिकीतून स्टूल मागून घेतलं आणि मला म्हणाले, जा तू. मी गाडी वळवली तोवर ते रस्ता ओलांडून पलीकडे.”

“पलीकडे काय आहे?”

“बसथांबा.”

मुलाच्या घरी सगळेच गेले. मेट्रनही आली, आश्रमात बसून तिच्या जिवाला चैन पडत नव्हती. सुनेने दार उघडलं. तिचेही डोळे सुजलेले होते.

“दार वाजलंच नाही हो,” बाईंनी विचारायच्या आत ती म्हणाली. “मी दुपारभर घरात होते. लोक म्हणतील, सुनेने दारातून हाकललं. आमचं पटत नव्हतं, खोटं कशाला बोलू? पण म्हाताऱ्या माणसाला दारातून परत पाठवेन, इतकी मी वाईट नाही.”

“कोण म्हणतंय तसं? बसा तुम्ही. यांच्या बाबांचे फोन यायचे ना पूर्वी?”

“यायचे की. नेमके आम्ही जेवायला बसलो की. हे दमून आलेले, घास हातात, आणि तिकडून तेच तेच, कधी येतोस, कधी येतोस. चिडायचे हे. हल्ली कसं सुरळीत झालंय. फोनच येत नाही.”

बाई खिडकीशी गेल्या. समोर बसथांबा दिसत होता. “कुठली बस येते इथे?”

“एकच. यांची पण तीच. आज रजा टाकलीय यांनी, सकाळपासून वणवण चाललीय.”

बाई खुर्चीत बसल्या, चष्मा काढला आणि डोळे चोळले. भाऊजींना हे लक्षण माहीत होतं. ते पुढे सरकून बसले.

“कुणी पळवून नेलेलं नाही तुमच्या बाबांना,” बाई म्हणाल्या. “आपल्या पायांनी गेलेत. आणि कुठे आहेत तेही मला ठाऊक आहे, बहुतेक. पण तिथे जायच्या आधी तुम्हाला थोडं ऐकावं लागेल. नाहीतर तिथे जाऊन तुम्ही त्यांच्यावरच ओरडाल.”

“बोला,” मुलगा म्हणाला.

“आधी आज सकाळचा मेसेज. टॅबवर कप होता, कपाखाली चहाचा डाग जसाच्या तसा, काचेवर धूळ. कालपासून त्या टॅबला माणसाचं बोट लागलेलं नाही. मग मेसेज लिहिला कुणी?”

“पैलवानाने नाही,” भाऊजी म्हणाले. त्यांच्या विचारांची गाडी इथवरच आली होती.

“कुणीच नाही. सोबतीने लिहिला. मेट्रन, ज्यांना लिहिता येत नाही ते बोलतात आणि सोबती लिहितो, असं तुम्हीच सांगितलंत. बाबांनी त्या कुत्र्यानंतर दुसऱ्या दिवशी त्याला एवढंच सांगितलं असणार, की आता माझ्या वतीने तूच लिहीत जा. तेव्हापासून पत्रं लांब झाली. आणि टॅब झाला कप ठेवायची पाटी. बाबा मजेत असोत, नसोत, जागेवर असोत, नसोत, त्यांचं मजेत असणं रोज बिनचूक येत राहिलं.”

मेट्रन मटकन बसली. “म्हणजे यांना उत्तरं देणारा आमचा सोबती...”

“आणि सोबतीला उत्तरं कोण देत होतं?” बाईंनी मुलाकडे बघितलं. “सकाळी दहाला, पाळी कुठलीही असो. पहिल्या पाळीला तर दहा वाजता तुमचा फोन गेटवरच्या डब्यात असतो. टोकन तुमच्या खिशात. डब्यात पडलेला फोन इतक्या मायेने लिहितो, म्हणजे कमालच आहे.”

मुलगा नखांचा रंग खरवडू लागला.

“थकून यायचो हो,” तो म्हणाला. “रोज तेच विचारायचे आणि माझ्याकडे रोज तेच उत्तर, की रजा नाही. कारखान्यातल्या एकाने त्याचा एजंट दाखवला. बिलं भरतो, रेशनची आठवण करतो, सासूला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो. मीही घेतला. त्याला म्हटलं, बाबांना एकटं वाटू देऊ नकोस, आणि मला सारखं विचारू नकोस. सुरुवातीला वाचायचो तो काय लिहितो ते. माझ्यापेक्षा चांगलं लिहायचा. मग वाचणं सुटलं.”

“म्हणून आज सकाळचा मेसेज बघून तुम्ही घाबरलात. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा स्वतः उघडलात.”

त्याने मान हलवली. सून त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिलाही हे नवीन होतं.

“तुमच्या एजंटने काही वावगं केलं नाही,” बाई म्हणाल्या. “सोबतीने विचारलं, मंगळवारी दुपारी येऊ का? तुमच्या एजंटने पाळ्या बघितल्या, दुपार मोकळी दिसली, गाडी ठरवली. तुम्हाला कळवलंही असेल. बघा.”

त्याने फोन उघडला. बिलांच्या आणि आठवणींच्या गर्दीत सोमवारची एक ओळ होती. ‘मंगळवारी दुपारी बाबा भेटायला येत आहेत.’ न वाचलेली.

“मी झोपलो होतो,” तो म्हणाला. “ते खाली उतरले तेव्हा मी वर झोपलो होतो.”

“पण वहिनी,” भाऊजींचा भूगोल अजून जुळत नव्हता, “दारापर्यंत आलेला माणूस वर का नाही आला?”

“कारण त्यांना घरी यायचंच नव्हतं. ‘तुम्ही दोघं काय ते ठरवा,’ असं ते सोबतीला म्हणाले. दोघं म्हणजे सोबती आणि यांचा एजंट. म्हाताऱ्याला सगळं कळलं होतं. त्या कुत्र्याच्या उत्तरावरूनच कळलं. कुत्रं दिसलं की गल्ली बदलणाऱ्या बापाला कुठला मुलगा विचारेल, नाव काय ठेवलंत म्हणून? लांबच्या वाटेने शाळेत जाऊन छड्या खाल्लेला तर नाहीच विचारणार.”

मुलाने तोंड ओंजळीत लपवलं.

“माझा मुलगा पलीकडे नाही, हे त्यांना कळलं. रागावले नाहीत, थकले. मग त्याच दोघांना कामाला लावून फाटकाबाहेर पडले. घर सोडून दुसरीकडे जायचा पास मिळाला नसता, म्हणून पत्ता घरचा. तिथून पुढे बस. बरोबर स्टूल, म्हणजे जिथे बसायला मिळेल याची खात्री नाही अशा ठिकाणी. दोन दिवसांच्या गोळ्या, म्हणजे किती थांबावं लागेल याचा नेम नाही. टॅब मुद्दाम मागे. आता तुम्हीच सांगा, तुम्ही हमखास भेटाल आणि तुमच्या हातात फोन नसेल, अशी जागा जगात कुठली?”

मुलगा उठून उभा राहिला होता.

“गेट,” तो म्हणाला. “माझं गेट. आणि मी आज कामावर गेलोच नाही. त्यांना शोधत फिरतोय.”

“आणि गोळ्या आजच्याच दिवसाच्या उरल्यात,” बाई म्हणाल्या. “चपला घाला.”

कारखान्याच्या भिंतीला लागून पत्र्याची एक शेड होती. शेडच्या कडेला घडीच्या स्टुलावर टोपी घातलेले एक सडपातळ गृहस्थ बसले होते. समोरच्या कारखान्याच्या पाटीकडे बघून त्यांची मान नापसंतीने हलत होती.

“काकांचे तुम्ही कोण?” गेटच्या खिडकीतून पहारेकऱ्याने विचारलं. “कालपासून आहेत. म्हणतात, मुलगा सुटला की भेटतो. नाव सांगत नाहीत. सांगितलं तर तुम्ही फोन लावाल म्हणतात. रात्री कामगारांच्या खोलीत झोपवलं मी. दर पाळी सुटली की उठून उभे राहतात, सगळ्यांची तोंडं बघतात आणि परत बसतात. माणूस भला आहे, फक्त आमच्या पाटीतली अक्षरं वाकडी आहेत म्हणून जीव खाल्ला.”

तेवढ्यात टॅक्सीचे पैसे देऊन मुलगा धावत आला. वडिलांकडे जायच्या आधी तो खिडकीशी थांबला. त्याने खिशातून फोन काढला आणि डब्यात टाकला.

“अरे, तुझी तर आज रजा ना?” पहारेकरी म्हणाला.

“हो,” तो म्हणाला आणि टोकन घेऊन गेला.

बाई खिडकीखालच्या कट्ट्यावर टेकल्या. पाय ठणकत होते. भाऊजी शेजारी उभे राहून रुमालाने नाक पुसत होते.

डब्यातला एक फोन उजळला. संध्याकाळची वेळ झाली होती. पहारेकऱ्याने वाकून वाचलं. “बाबांचा मेसेज आहे म्हणे. ‘आज मी मजेत आहे. आराम केला. तू काळजी करू नकोस.’” त्याने समोर बसलेल्या बाबांकडे बघितलं, मग फोनकडे. तेवढ्यात खाली उत्तरही आलं. “हाक मारू का त्याला?”

“राहू दे,” बाई म्हणाल्या.

शेडच्या कडेला वडील, पाळी सुटल्यावर राहायचे तसेच, उठून उभे राहिले होते. मुलगा समोर येऊन थांबला. वडिलांनी आधी त्याच्या हातांकडे बघितलं. हात रिकामे होते, नुसतं टोकन.

“सुटी झाली?” त्यांनी विचारलं.

“बाबा,” मुलगा म्हणाला. “बाबा, तुम्ही कुत्रा पाळलात म्हणे.”

“पाळला.”

“तुम्ही? तुम्ही तर कुत्र्याला घाबरता हो!”

म्हातारा खाली बसला. त्याचा हात हवेत काहीतरी शोधत होता, मुलाने तो धरला आणि तिथेच मातीत बसला.

“घाबरतो रे,” वडील रडत म्हणाले. “अजूनही घाबरतो. एवढंच तर विचारायचं होतंस.”

भोंगा झाला. दिवसपाळी सुटली आणि माणसं आपापली टोकनं हातात घेऊन खिडकीशी रांग लावू लागली.